पोकळ वाशांचं घर

मकारिओ रागासा कुणाच्याही घरी गेला की चपला दाराबाहेर काढायचा, आत यायचा आणि कुणी 'बसा' म्हणायच्या आधी बोटाच्या पेराने दाराची चौकट वाजवून बघायचा. टक टक. मान तिरकी करून ऐकायचा. मग एकतर हसायचा, नाहीतर गप्प राहायचा. तो गप्प राहिला की त्या घरची बाई हातातलं काम टाकून खांब बघायला धावायची. काउआई बेटाच्या पश्चिम कडेला, उसाच्या त्या लाल मातीत, वाळवी कुणालाच सोडत नव्हती, आणि मकारिओचा कान चुकत नाही अशी ऊसमजुरांच्या सगळ्या कॅम्पाची खात्री होती.

तरुणपणी तो फिलिपाइन्सहून, इलोकोसहून, ऊस तोडायला आला. ऊस तोडता तोडता एकदा मुकादमाच्या घराची मोडकी पायरी त्याने सहज म्हणून नीट केली. ती इतकी सरळ बसली की त्याच्या हातातला कोयता गेला आणि हातोडी आली. त्यानंतर जन्मभर तो साखर कंपनीचा सुतार. कॅम्पातली घरं म्हणजे एका फळीची भिंत, वर पत्रा आणि खाली लाकडाचे बुटके खांब. एक घर दुरुस्त करून पुढच्याला हात घालावा, तर मागचं पुन्हा खायला सुरुवात झालेली असायची. मकारिओ म्हणायचा, लाकूड बोलतं. खिळा शेवटपर्यंत बसला की हातोडीचा आवाज बदलतो. निरोगी लाकूड भरीव वाजतं, वाळवीने खाल्लेलं पोकळ. हे दोन आवाज ज्याला कळले त्याला सुतारकी कळली, बाकी सगळी नुसती मेहनत.

उन्हाळ्यात वारा पडलेल्या दमट संध्याकाळी पंख फुटलेली वाळवी दिव्यांवर झेपावायची. मग सगळी आळी दिवे मालवून अंधारातच भात खायची, आणि जो एखादा दिवा ठेवावाच लागे त्याच्याखाली पाण्याचं घमेलं असायचं. अशाच एका अंधारात मकारिओचा चुलतभाऊ तेओफिलो हमखास आपला जुना विनोद काढायचा. तो वयाने मोठा, म्हणून मकारिओ त्याला मनोंग म्हणायचा, म्हणजे दादा.

"माझं घर कसं उभंय माहितीये का? वाळवीने एकमेकींचे हात धरलेत. एकीने सोडला की संपलं!"

दर वर्षी तोच विनोद, आणि दर वर्षी सगळे तसेच हसायचे.

ब्याण्णव साली मोठं वादळ आलं आणि बेटावरची छपरं पानांसारखी उडाली. मकारिओने स्वतःसाठी बांधलेलं घरही त्यात गेलं. निवडून निवडून आणलेलं लाकूड होतं ते. दुसऱ्या दिवशी तो मोडलेल्या खांबांपाशी उभा राहिला आणि बघतो तर काय, खांब आतून भुसा झालेले. गावभरच्या चौकटी वाजवत फिरणाऱ्याने स्वतःचा खांब कधी वाजवलाच नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. त्या दिवशी त्याने बायकोला, फेलिसाला, सांगितलं, "पोरीच्या घरात लाकडाचा तुकडासुद्धा लावणार नाही."

फेलिसा म्हणाली, "आणि भाताचा चाटू कशाचा घेऊ, लाकाय?" लाकाय म्हणजे म्हातारा. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून ती त्याला म्हाताराच म्हणत आली होती.

पुढे साखर कंपनी बंद पडली. वादळानंतर बेटावर पोलादी सांगाड्याची घरं उभी राहायला लागली होती. जस्त चढवलेला पत्रा पन्हळीसारखा वाकवून केलेले खांब, तसलेच वासे, तसल्याच छपराच्या त्रिकोणी कैच्या. त्यांना वाळवी खात नाही, आग लागत नाही आणि पावसात ते फुगत नाहीत. जन्मभर हातोडी चालवलेल्या माणसांनी पन्नाशीनंतर स्क्रू मारायची मशिनं हातात घेतली. मकारिओनेही घेतलं. थोडंफार शिकला, आणि सुट्टीच्या दिवशी जावई क्लेटन आणि गोतावळ्यातली चार माणसं हाताशी घेऊन त्याने मुलीचं घर बांधायला काढलं. मुलगी रोवेना शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला, क्लेटन रस्त्यांच्या खात्यात ट्रक चालवायचा. घर उभं राहिलं, तपासनीस येऊन बघून गेला आणि सही झाली. सगळ्या नात्यागोत्यात पहिलं पोलादी घर रोवेनाचं. मकारिओ आणि फेलिसा तिथेच राहायला गेले.

इथवर सगळं छान होतं.

मग त्याला पोलादी घरं बांधणाऱ्या वेंडेलच्या टोळीत काम मिळालं. वेंडेल बोलायला मऊ, कामाला कडक. पहिल्याच आठवड्यात त्याने मकारिओला स्क्रू मारताना पाहिलं आणि हात वर केला.

"अंकल, थांबा जरा."

त्याने मकारिओने नुकताच बसवलेला स्क्रू चिमटीत धरला आणि ओढला. दह्यातून चमचा निघावा तसा तो बाहेर आला.

"हा मेलाय, अंकल. तुम्ही दाबता. लाकडात दाबावं लागतं, पत्र्यात नाही. डोकं टेकलं की सोडायचं. पुढे फिरवत राहिलात की पत्र्यातले आटे जातात. मग वरून सगळं झकास दिसतं, पण खाली कुणीच धरलेलं नसतं."

"किती जण अशी चूक करतात?" मकारिओने विचारलं.

"सगळे जुने सुतार. हाताची खोड आहे ती. जाते हळूहळू."

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. पण मकारिओचा पीळ गेला, त्याच दिवशी. त्यानंतर त्याच्या हातून एकही स्क्रू मेला नसेल. प्रश्न आधीच्या स्क्रूंचा होता. रोवेनाच्या घरात छपराची प्रत्येक कैची भिंतीच्या खांबाशी एका वाकड्या पोलादी पट्टीने जखडलेली होती. वारा छपराला खालून उचलतो तेव्हा सगळा भार त्या पट्टीवर येतो. आणि समुद्राकडच्या बाजूच्या सगळ्या पट्ट्या मकारिओने स्वतः मारल्या होत्या, दाबून दाबून, मशीन किंचाळेपर्यंत. मोठ्या प्रेमाने मारल्या होत्या हो! मुलीचं घर म्हणून जरा जास्तच जोर लावला होता.

त्या संध्याकाळी तो घरी आला आणि नकळत भिंत वाजवली. टक टक. पोकळ. दुसरी वाजवली, तीही पोकळ. वाजणारच! पोलादी खांब आतून मोकळे, त्यावर जिप्समचे बोर्ड ठोकलेले. 'बडा घर पोकळ वासा' ही म्हण ज्याने काढली, त्याला या घरात आणलं असतं तर त्याने कान धरून माफी मागितली असती. इथे वासा पोकळ होता तोच चांगला होता. पण मकारिओच्या कानाला हे कोण समजावणार? त्याचा कान एकच गोष्ट शिकलेला. पोकळ म्हणजे खाल्लेलं, पोकळ म्हणजे पडणार.

माळ्यावरून सरपटत जाऊन बघावं, तर कडेला छप्पर इतकं खाली उतरलेलं की डोकंसुद्धा शिरत नव्हतं. बघायचं तर आतून छत फाडायला हवं. छत फाडायचं तर कारण सांगायला हवं. आज सांगू, उद्या सांगू, नाताळ झाल्यावर सांगू. असं करता करता वर्षं गेली. झाकली मूठ सव्वा लाखाची, पण ती मूठ त्याच्याच छातीवर बसलेली होती. जरा जोराचा वारा सुटला की मकारिओ अंथरुणात उठून बसायचा.

"झोप ना, लाकाय," फेलिसा म्हणायची. "आता काय ऐकतोस? इथे वाळवी नाही."

"नाही ना, म्हणूनच ऐकतोय," तो म्हणायचा. तिला तो विनोद वाटायचा.

दुसऱ्यांना तर फारच मोठा विनोद वाटायचा. पोलादाच्या घरात राहून भिंती वाजवणारा सुतार! रोवेनाची दोन्ही पोरं आजोबांच्या मागे मागे भिंती वाजवत फिरायची आणि मान तिरकी करायची. मकारिओ हसायचा. खाई त्याला खवखवे.

मग एका वर्षी सप्टेंबरात पुन्हा वादळ निघालं. रेडिओवर दोन दिवस 'वळेल, वळेल' चाललं होतं. ते काही वळलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळीच भोंगे वाजले. दुपारनंतर तडाखा बसणार, शाळेत आसरा घ्या, असं सांगितलं गेलं. क्लेटनला रस्त्यांवरची झाडं हटवायला बोलावणं आलं. जाता जाता तो सासऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तातांग, तुमच्या घराच्या भरवशावर चाललोय बरं." तातांग म्हणजे बाबा. तो शब्द आणि तो भरवसा मकारिओच्या काळजात एकदमच रुतले.

रोवेना न्हाणीघरातल्या टबात पाणी भरत होती. फेलिसाने भाताचं मोठं पातेलं चढवलं होतं आणि शेवग्याचा पाला निवडत बसली होती. वादळ येवो नाहीतर प्रलय, पाला निवडायचा राहता कामा नये, असं तिचं मत. आणि तेवढ्यात गोतावळा यायला लागला. कुणी भाताचा कुकर घेऊन, कुणी उशा, कुणी डब्यातलं मांस. प्रत्येक जण दारात तेच म्हणत होता.

"पोलादाचं घर असताना शाळेच्या फरशीवर कोण मरायला जातंय?"

'मरायला' हा शब्द मकारिओला प्रत्येक वेळी नव्याने ऐकू येत होता. तो समुद्राकडच्या भिंतीपाशी उभा होता. वर छत पांढरंशुभ्र, सपाट, निर्मळ. त्याच्या आत किती स्क्रू जिवंत होते? निम्मे? की एकही नाही? ते मोजायला तो एकटाच होता आणि त्याला आकडा माहीत नव्हता.

सगळ्यात शेवटी तेओफिलो आला, काखेत पिंजरा घेऊन. पिंजऱ्यात त्याचा झुंजीचा कोंबडा.

"याला कुठे ठेवू? साहेबांना वेगळी खोली लागते."

"मनोंग," मकारिओ हळूच म्हणाला, "मी काय म्हणतो, आपण सगळेच शाळेत जाऊ या का? काँक्रीटची इमारत आहे."

"शाळेत?" तेओफिलो इतक्या मोठ्याने म्हणाला की सगळे वळून बघायला लागले. "तुझ्या डोक्यावर परिणाम झालाय का? हे घर सोडून?"

"तिथे जेवण देतात."

"थंडगार सॉसेज देतात डब्यातले. ब्याण्णवला खाल्लेत मी. अजून पाठ दुखते त्या फरशीने." तेओफिलोने डोळे बारीक केले. "सरळ सांग ना, आमची गर्दी नकोय म्हणून."

"तसं नाही हो."

"मग कसं?"

मकारिओने छताकडे बघितलं. एवढी माणसं बघत होती. तेओफिलोने काखेतला पिंजरा सावरला.

"बरंय. मी आपला माझ्या घरी जातो. माझी वाळवी मला कधी 'शाळेत जा' म्हणाली नाही."

आणि तो खरंच निघाला. कॅम्पातलं ते कुजकं घर, ज्याच्या पायरीवर मकारिओ जपून पाय ठेवायचा, तिकडे म्हातारा ताठ मानेने चालू लागला. फेलिसा हातातला पाला टाकून उठली.

"लाकाय, तुला झालंय काय? भाऊ आहे तुझा! मरेल ना तो तिथे."

मकारिओला ते कळत होतं. घरात ठेवलं तर कदाचित मरेल, जाऊ दिलं तर नक्की मरेल. आणि या दोन्हींच्या मध्ये फक्त त्याचं तोंड होतं, वर्षानुवर्षं कुलूप लावलेलं. तो अनवाणीच रस्त्यावर धावला. आभाळ अजून निळंच होतं, पण वाऱ्याला एक विचित्र ऊब आली होती, आणि बेटावर एरवी दिवसभर बोंबलत फिरणारे रानकोंबडे एकजात गप्प झाले होते.

"मनोंग! थांबा!"

तेओफिलो थांबला नाही.

"मनोंग, ते घर मी नीट बांधलेलं नाही!"

आता तो थांबला. आधी त्याला थट्टा वाटली. मग मकारिओने धापा टाकत सगळं सांगितलं. ते दाबणं, वेंडेलने चिमटीत काढून दाखवलेला स्क्रू, समुद्राकडची बाजू. तेओफिलोने पिंजरा खाली ठेवला.

"म्हणून वाजवत फिरतोस होय?"

"हो."

"रोवेनाला माहितीये?"

"नाही."

"फेलिसाला?"

मकारिओने नकारार्थी मान हलवली.

"मग मला काय सांगतोस, गाढवा? तिला सांग. चल. मी बाजूला उभा राहतो."

रोवेना टबाचा नळ बंद करत होती. मकारिओने सांगितलं. सांगताना तो तिच्याकडे न बघता पाण्याकडे बघत होता. तिने बंद झालेला नळ पुन्हा एकदा आवळला. न्हाणीघराच्या दाराशी गोतावळा जमला होता. कुणीतरी "आई गं" म्हणालं.

"माझी पोरं खाली झोपत होती, तातांग," ती शेवटी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "इतकी वर्षं. तुम्ही वर बघत होतात, आणि ती खाली झोपत होती."

"हो."

"मला सांगायला काय झालं होतं?"

"लाज वाटली," मकारिओ म्हणाला. याहून दुसरं उत्तर नव्हतंच.

तिने ओले हात झग्याला पुसले. "शाळेपर्यंत आता सगळ्यांना नेता येईल?"

तेओफिलोने बाहेर बघितलं. ओढ्यावरचा रस्ता बंद केल्याचं रेडिओने मघाशीच सांगितलं होतं. "आता नाही."

"मग छत फाडा," रोवेना म्हणाली.

समुद्राकडच्या भिंतीच्या कडेकडेने, छताचा हातभर रुंदीचा पट्टा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. सोफे बाजूला ढकलले गेले. पांढरा भुगा उशांवर, भाताच्या कुकरवर, कोंबड्याच्या पिंजऱ्यावर पडायला लागला. फेलिसाने पाल्यावर परात उपडी घातली. पोलादी पट्ट्या दिसायला लागल्या. एका ओळीत, चकचकीत, आणि प्रत्येकीवर स्क्रूंची डोकी शहाण्या मुलांसारखी रांगेत.

मकारिओ शिडीवर चढला. पहिल्या पट्टीचे स्क्रू पक्के निघाले. त्याच्या जिवात जीव आला, आणि पाठोपाठ मनात पाल चुकचुकली की अशी पहिलीच पट्टी माणसाला फसवते. दुसऱ्या पट्टीतला एक स्क्रू बोटानेच फिरला. तिसऱ्या पट्टीत एकही धरलेला नव्हता. त्याने बोटाने काढून एक खाली टाकला, मग दुसरा. खाली कुणीतरी तो उचलला आणि हातोहात सगळ्यांनी बघितला. छोटासा, नवाकोरा दिसणारा, निरुपयोगी.

जुन्याच्या शेजारी नवा, जरा जाड स्क्रू मारायचा, एवढाच इलाज. मकारिओच्या ट्रकमध्ये स्क्रूंच्या पेट्या होत्या. मशीनही होतं. नव्हता तो खांदा. जन्मभर हातोडी चालवून उजवा खांदा असा धरला होता की हात डोक्याच्या वर फार वेळ राहतच नसे. चार स्क्रू मारले आणि मशीनसकट हात खाली आला.

"उतरा," रोवेना म्हणाली. "मला द्या."

"तू कधी धरलं नाहीस हे."

"तुम्ही धरलं होतंत, काय उपयोग झाला?"

तो उतरला. हे ऐकून घेण्याची वेळ आलीच होती. ती शिडीवर चढली, त्याने खालून शिडी धरली.

"दाबू नकोस," तो म्हणाला.

"न दाबता जाईल कसा?"

"जातो. जोर मशीनचा, तू फक्त सरळ धर. डोकं टेकलं की सोड."

तिचा पहिला स्क्रू किंचाळला. ती स्वतःच म्हणाली, "मेला हा." दुसऱ्याला ती थांबली, तिसऱ्याला अगदी वेळेवर थांबली. तिच्या हाताला लाकडाची सवय नव्हती, त्यामुळे काही विसरायचं नव्हतं. मकारिओ खाली उभा राहून ऐकत होता. मशीनचा आवाज चढायचा, डोकं टेकायचं, आवाज तुटायचा. आयुष्यात पहिल्यांदा त्याला पोलाद बोलताना ऐकू आलं. तेओफिलो शिडी पुढे सरकवत होता, गोतावळ्यातले स्क्रू हातात देत होते, आणि फेलिसा सगळ्यांवर ओरडत होती, म्हणजे तिला भीती वाटत होती.

"पुढची," मकारिओ म्हणायचा.

"हो."

"टेकलं की—"

"माहितीये, तातांग!"

बाहेर आभाळ पिवळट झालं. पहिला झोत आला तेव्हा घर कुठेतरी कण्हलं. वीज गेली. मशीन बॅटरीवर चालत होतं, पण तिचाही जीव जात आलेला. शेवटच्या पट्टीला मशीन रडायला लागलं, आणि रोवेनाने दोन्ही हातांनी धरून शेवटचा स्क्रू हळूहळू, थांबत थांबत, जवळजवळ विनवण्या करत आत घातला. मग ती उतरली आणि जमिनीवर बसली. तिच्या केसांत पांढरा भुगा होता. ती एकदम बापाच्या वयाची दिसत होती.

मग वादळ आलं.

त्याचं वर्णन काय करणार? ज्याने ऐकलंय त्याला सांगायला नको, ज्याने ऐकलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. माणसं आतल्या भिंतीला टेकून दाटीवाटीने बसली होती आणि सगळ्यांच्या माना वर होत्या. छत फाडलेलं होतं ना! दुसऱ्यांच्या घरात अशा वेळी देवाकडे बघतात. इथे वर त्या पट्ट्या दिसत होत्या, जुन्या मेलेल्या स्क्रूंच्या शेजारी नवे चमकणारे. प्रत्येक झोताला छप्पर किंचित वर जायला बघायचं, पत्रा टणत्कार करायचा, आणि सगळी खोली श्वास रोखून एकाच पट्टीकडे बघायची. पट्टी धरायची. पुन्हा झोत, पुन्हा श्वास. मकारिओला तिसरी पट्टी पाठ झाली होती. तिच्यावरून त्याने नजर हलवली नाही. आपण नजर काढली तर ती सुटेल, असं त्याला वाटत होतं. त्याचे ओठ हलत होते. तो प्रार्थना करतोय असं फेलिसाला वाटलं. तो "टेकलं की सोड, टेकलं की सोड" म्हणत होता.

संध्याकाळच्या आधी वारा उतरला. छप्पर जागेवर होतं. जुने स्क्रू तेवढेच असते तरी राहिलं असतं का? हे कुणालाच सांगता येणार नाही. मकारिओला तर मरेपर्यंत सांगता येणार नव्हतं, आणि हे त्याला तिथेच, त्या ओल्या उजेडात उभं असताना कळलं.

ते दोघे भाऊ कॅम्पाकडे चालत गेले. तेओफिलोच्या घराच्या जागी फळ्यांचा ढीग होता. ते उडालं नव्हतं, कलंडलं नव्हतं, होतं तिथेच बसलं होतं, दमलेला माणूस बसतो तसं. पायरी तेवढी उभी होती. तेओफिलोने पायरीवर एक पाय ठेवला.

"सोडले हात," तो म्हणाला.

तो हसायला गेला, पण त्याला हसू आलं नाही. मकारिओने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

घरी आल्यावर मकारिओ रोवेनाला म्हणाला, "उद्या बोर्ड आणतो. छत बुजवून टाकतो."

"बुजवायचं नाही," ती म्हणाली. "मला बघायचंय. रोज. आणि कोण विचारायला आलं तर तुम्ही सांगायचं, का फाडलंय ते. मी नाही सांगणार."

"बरं," मकारिओ म्हणाला.

फेलिसाने परात उचलली. खालचा पाला हिरवागार होता. मेणबत्तीच्या उजेडात शेवग्याच्या पाल्याचं सार आणि भात झाला. ज्यांची घरं राहिली होती ते गेले; क्लेटन अजून रस्त्यांवरची झाडं हटवत होता. तेओफिलोची चटई समुद्राकडच्या भिंतीलगत घातली. कोंबडा मोरीत गप्प होता. म्हातारा आडवा झाला, कुशीवर वळला, आणि सवय नसतानाही त्याने पेराने भिंत वाजवली.

"मकारिओ, हे पोकळ आहे रे."

"पोकळच असतं ते, मनोंग."

"मग वर कुणी धरलंय?"

मकारिओने फाटक्या छताकडे बघितलं. पलीकडे रोवेना पोरांच्या अंगावर हात टाकून झोपली होती, केसांतला भुगा न झटकताच.

"तिने," तो म्हणाला. "झोपा आता."